हात मोकळे आणू नका

माझा डावा कान बाबांनी घालवला, हे आमच्या चिखले गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मी काढते. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं, असं आई म्हणायची. आणि राग तर काय, बाबांचाच घेऊन आले. वाडी भावाला गेली, राग माझ्या वाट्याला आला.

तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता. समुद्राच्या अलीकडे आमची चिकूची वाडी आणि वाडीच्या तोंडाशी घर. घरात आई, बाबा, मोठा भाऊ आणि मी. बाबांचा राग कशावरूनही निघायचा. रहाटाचा बैल अडला, ताट वाढायला उशीर झाला, कुणी दार आपटलं, एवढं पुरे. आधी त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, मग उजवा हात सुटायचा. भावाच्या पाठीवर, गड्यावर, बैलावर. आईवर? हो, आईवरही. आता कशाला झाकू? मारून झालं की बाबा विहिरीवर जाऊन तोंड धुवायचे आणि जेवायला बसायचे, आणि काही झालंच नाही अशा तोंडानं आम्हीही बसायचं. भात गिळायचा, बस्स.

मला मात्र तोवर त्यांनी बोट लावलं नव्हतं. मी लाडकी होते, त्यांची "बाय". वाडीत त्यांच्या मागेमागे हिंडायची. ते बेडणीनं चिकू उतरवायचे. बेडणी म्हणजे लांब बांबू, त्याच्या टोकाला फळ अडकवायची खाच आणि खाली सुताची छोटी जाळी. हिसका दिला की फळ जाळीत पडतं. जाळी भरली की ते बांबू खाली घ्यायचे आणि मी फळं टोपलीत ठेवायची. ठेवायची, टाकायची नाही. जाता येता माझ्या डोक्यावर त्यांचा हात पडायचा. चिकाचा चिकट हात, केस ओढले जायचे. मी ओरडायची आणि मला ते फार आवडायचं.

चिकू तयार झाला की नाही हे रंगावरून कळत नाही. झाडावर सगळे सारखेच मळकट. नखानं साल जराशी खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळसर दिसलं तर उतरवायचा. पण हे एका फांदीवर एकाच फळाचं करायचं, आणि तेही उतरवायच्या वेळी. कारण खरवडलेल्या जागी चीक येतो, वाळला की काळा डाग पडतो आणि असं फळ व्यापारी टोपलीतून बाजूला काढतो. बाबांनी मला हे सगळं सांगितलं होतं. मी अर्धंच ऐकलं. तेव्हा दोन्ही कान शाबूत होते, तरी.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. शेजारच्या दोन मुलींसमोर मला शहाणपणा मिरवायचा होता. "हा कच्चा, हा तयार, हा कच्चा," असं करत माझा हात पोचेल त्या सगळ्या फांद्यांवरून मी नखं फिरवली. कडेच्या दोन ओळींतलं खालचं एक फळ सोडलं नाही. मुली तोंडात बोट घालून बघत राहिल्या आणि मी अशी फुगले की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहमदाबादचा व्यापारी वाडी बघायला आला. बाबा त्याला आमच्या फळाची थोरवी सांगत पुढे चालले होते. व्यापाऱ्यानं एक फांदी खाली ओढली, मग दुसरी ओढली आणि म्हणाला, "शेठ, आ शुं छे?" हे काय, असं विचारून तो हसला. तो हसला नसता तर काय झालं असतं कोण जाणे. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला स्पष्ट दिसल्या. तरी मी पुढे झाले आणि म्हटलं, "बाबा, कुठले तयार आहेत ते मी बघून ठेवलंय." शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला. काय ही अक्कल!

एकच बसली. उजव्या हाताची, डाव्या कानावर. मी टोपल्यांवर जाऊन पडले. व्यापारी "अरे अरे, छोकरी छे," म्हणत पुढे आला. मला त्याचं तोंड हललेलं दिसत होतं आणि कानात नुसती शिट्टी वाजत होती. बाबा हात तसाच धरून उभे होते. मग वळले आणि विहिरीकडे गेले, नेहमीसारखे.

आईनं लसूण घालून तेल तापवलं आणि कानात घातलं. कान वाहायला लागला. शेवटी डहाणूच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले पडदा फाटलाय, वर तेल कशाला घातलंत. औषधानं वाहणं थांबलं. ऐकू मात्र आलं नाही ते नाहीच.

त्या दिवशी डहाणूहून परत आलो तेव्हा बाबा पडवीत चढत होते. आई दारात आडवी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. मला तिनं पदराखाली धरलं होतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "अहो, यापुढे घरात पाऊल टाकायचं असेल तर हात मोकळे आणू नका. हातात काहीतरी असू दे. काहीही. नाहीतर मी पोरांना घेऊन समुद्रात जाईन." तिनं ते असं सांगितलं, जसं मीठ संपलंय सांगावं. बाबा पायरीवर उभे राहिले. मग मागे फिरले, खळ्यात पडलेली फाटकी बेडणीची जाळी उचलली आणि ती दोन्ही हातांत धरून घरात आले.

आणि खरं सांगायचं तर त्या माणसानं शब्द पाळला. किनाऱ्यावरच्या एका कोळी म्हाताऱ्याकडून ते जाळी विणायला शिकले. बांबूची चपटी सुई, सुताचा गुंडा, आणि गाठीमागून गाठ. घरात असले की हातात जाळी. राग आला की पाळ्या लाल व्हायच्या, दात आवळले जायचे आणि सुई सपासप चालायची. अशा वेळच्या गाठी इतक्या घट्ट बसायच्या की पुढे जाळी दुरुस्त करायला घेतली तर विळीनं कापावी लागे. गावात कुणाला बेडणीची जाळी विकत घ्यावी लागेना. "काकांकडे जा, नवीन असेल," म्हणायचे लोक आणि हसायचे. हसू देत. त्यांना काय माहीत, त्यातली एकेक जाळी म्हणजे भावाच्या पाठीवर न पडलेला मार होता.

मार थांबला. पुन्हा कधीच बाबांचा हात कुणावर उठला नाही. मी हे शंभर जणांसमोर सांगेन. पण घर मोकळं झालं नाही ते नाहीच. हसणं खिदळणं दूरच, बोलणंसुद्धा आटत गेलं. बाबांचे हात बघूनच आम्ही ठरवायचो, आता तोंड उघडायचं की नाही. आणि एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती, आईच्याही नाही. मारायला हात मोकळे नव्हते, तसे डोक्यावर ठेवायलाही नव्हते. मी चौथीत पहिली आले, बाबा म्हणाले "छान," आणि सुई चालतच राहिली. मला ताप आला तेव्हा ते रात्रभर उशाशी बसले, जाळी विणत. मी डोळे किलकिले करून त्यांच्या हातांकडे बघत होते. मनात म्हणत होते, ठेवा ना खाली मेली ती जाळी. ठेवली नाही.

मग मीही माझं हत्यार शोधलं. बाबा काही बोलायला लागले की मी मान अशी वळवायची की डावा कान त्यांच्याकडे येईल. मला काही ऐकूच यायचं नाही, झालं! ते बिचारे माझ्याभोवती फिरून उजव्या बाजूला यायचे. मी परत वळायची. आई मला चिमटे काढायची. बाबा मात्र कधी चिडले नाहीत. पुन्हा फिरून यायचे आणि पहिल्यापासून सांगायचे. पुढे पुढे तर त्यांच्या अंगवळणीच पडलं. पंक्तीत बसताना माझ्या उजव्या हाताला, रस्त्यानं चालताना माझ्या उजव्या बाजूला, बैलगाडीत बसायचं तरी तसंच. एखादा पाहुणा त्या जागेवर बसला तर त्याला उठवायचे. इतक्या वर्षांत त्यांची बाजू एकदाही चुकली नाही. मला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी मला पुरत नव्हतं. मला तो हात हवा होता.

माझं लग्न तलासरीला झालं. नवरा नव्यानं झालेल्या तालुक्याच्या कचेरीत कारकून. शांत माणूस, नशीब माझं. निघायच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या, भाऊसुद्धा रडला. बाबा कुठे आहेत म्हणून बघितलं, तर दोन्ही हातांत दोन ट्रंका घेऊन गाडीपाशी उभे. गडी म्हणतोय, "मालक, द्या इकडे," आणि हे देत नाहीत. मी पाया पडले. मान वर केली तर डोक्याशी ट्रंकेची कडी. मला इतका संताप आला की सासरी पोचेपर्यंत डोळ्यातून टिपूस काढलं नाही.

तलासरीला ते यायचे मात्र. हायवेवर एस.टी. थांबायची आणि बाबा चिकूची करंडी घेऊन उतरायचे. ट्रकांच्या धुरळ्यातून चालत येताना दोन्ही हात भरलेले. करंडी ठेवली की पिशवीतून जाळी निघायची. माझी मुलगी तेव्हा दोन-अडीच वर्षांची होती. ती "आबा, आबा" करत त्यांच्या गुडघ्याला लोंबकळायची, आणि ते तिला तोंडानं आवाज काढून हसवायचे, गाडीची शिट्टी, कावळा, रहाटाची करकर. हात जाळीतच.

एकदा असंच दुपारी बसले होते. मुलीनं चुलीवरून उतरवलेल्या डाळीचं पातेलं ओढलं आणि सगळी डाळ जमिनीवर सांडली. भाजली असती, थोडक्यात वाचली. मी भीतीनं आणि रागानं वेडी झाले आणि हात उगारला. तेवढ्यात बाबा उठले. मध्ये आले आणि माझ्या उगारलेल्या हातात त्यांनी जाळी आणि सुई कोंबली. म्हणाले, "धर. बाय, हे धर. जातो राग."

ते "बाय" मी किती वर्षांनी ऐकलं असेल. आणि माझ्या तोंडून काय निघालं? मी जाळी डाळीत फेकली. म्हटलं, "तुमचा गेला? तुम्ही हात बांधून घेतलेत, बाबा, दुसरं काही केलं नाहीत. मार थांबला तसं सगळंच थांबलं. एकदा तरी माझ्या डोक्यावरून हात फिरवलात तुम्ही त्यानंतर? एकदा तरी?" मुलगी रडायची थांबून माझ्याकडे बघत होती. बाबांच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते आणि ते आपल्या हातांकडे बघत राहिले, कुणी दुसऱ्याचे आणून लावल्यासारखे. मग खाली बसले आणि जमिनीवरची डाळ बोटांनी गोळा करायला लागले. मी "राहू दे" म्हटलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले.

चिकूचा सगळा हंगाम ते आले नाहीत. एस.टी. थांबली की मी खिडकीत. नवरा म्हणायचा, तूच जाऊन ये. मी कशाला जाऊ? ही माझी तऱ्हा.

पावसाळा संपल्यावर एक दिवस आले. करंडी नाही, पिशवी नाही. हात मोकळे. पडवीत बसले, तर हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. मांडीवर ठेव, उचल, धोतराचा काठ चाचप, परत मांडीवर ठेव. म्हातारे झाले होते हो. मुलगी आली आणि सरळ मांडीत जाऊन बसली. त्यांनी हात हवेत वर धरले, जसे चिकानं माखलेले असावेत. मग हळूहळू खाली आणले आणि तिच्या पाठीवर ठेवले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं आणि मुलीचा हेवाही वाटला. हेवा! पोटच्या पोरीचा!

निघताना मी त्यांना पोचवायला हायवेपर्यंत गेले. ते माझ्या उजव्या बाजूनं चालत होते, अर्थातच. गाडी आली. कंडक्टर घाई करत होता. बाबा पायरीवर एक पाय ठेवून वळले आणि त्यांनी उजवा हात उचलला. माझ्या डोक्याकडे आणला.

आणि माझी मान मागे गेली.

मी नाही नेली. देवाशप्पथ, मी नाही नेली. मला तो हात हवा होता, लहानपणापासून हवा होता. पण डोळे मिटले गेले, खांदा वर आला आणि मान झटक्यात मागे गेली, डावा कान सांभाळत. डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात परत गेला होता. दोन्ही हातांनी त्यांनी गाडीचा दांडा धरला होता. "बाबा, तसं नाही," मी म्हटलं. "असू दे, असू दे," म्हणाले. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी डहाणूच्या दिशेनं गेली आणि मी ट्रकांच्या धुरळ्यात उभी राहून मोठमोठ्यानं रडले. ढाब्यावरची माणसं बघत होती.

लगेच गेले असते चिखल्याला तर? पण आज मुलीला ताप, उद्या सासूबाईंचं काही, असं चाललं. थंडीत भावानं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. बाबांची डावी बाजू गेली, ताबडतोब ये.

दुपारी पोचले. बाबा माजघरात खाटेवर उताणे पडले होते. डावा हात मेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. छाती घरघरत होती. भिंतीला खुंटीवर न संपलेली जाळी लटकत होती. भाऊ म्हणाला, बोलणं कळतं, पण फार बारीक आवाज आहे, तोंडाशी कान न्यावा लागतो. आईनं त्यांना सांगितलं, "बाय आलीय." मी खाटेच्या कडेला बसले, आणि या वेळी मी ठरवून आले होते. उजवा कान पुढे करणार. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून पुढे करणार. मी वाकले.

त्यांचा उजवा हात उठला. वर आला आणि माझ्या डोक्याच्या मागे पडला. जड, गरम, मोकळा हात. या वेळी मान मागे गेली नाही. त्या हातानं माझं डोकं खाली ओढलं, थेट छातीवर. उजवा गाल, उजवा कान त्यांच्या छातीत रुतला, आणि डावा वर राहिला, त्यांच्या तोंडाशी.

आणि ते बोलायला लागले. छातीतून मला नुसती गुरगुर ऐकू येत होती, शब्द एक नाही. डाव्या कानावर ऊन श्वास लागत होता. पुष्कळ बोलले. मध्ये थांबायचे, परत बोलायचे. त्यांच्या वाकड्या तोंडातलं पाणी माझ्या केसांत गळत होतं. बोटं केसांतून फिरत होती, केस ओढले जात होते, अगदी पूर्वीसारखे. मान नुसती वळवायची होती. एवढंसं. पण मान हलली की त्यांना वाटलं असतं, ही परत चुकवते आहे. हात उचलला गेला असता.

मी हलले नाही.

मग बोलणं थांबलं. हात सैल पडला. मी हळूच डोकं वर केलं. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते आणि ओठ हलले, "ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा," मी म्हटलं. "सगळं ऐकलं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्याच आठवड्यात ते गेले. त्या दिवशी माजघरातून बाहेर आले तेव्हा आईनं विचारलं, "काय म्हणाले गं?" मी सांगितलं, माफी मागितली. आई पदर तोंडाला लावून किती तरी वेळ रडली. म्हणाली, "बरं झालं. सुटले." मला काय माहीत काय म्हणाले. माफीच मागितली असेल. नाहीतर म्हणाले असतील, बैलाला पाणी दाखवा, कडेच्या ओळीचे चिकू उतरवा.

माझी बाजू त्यांची कधी चुकली नव्हती. त्या दुपारी चुकली, की ऐकू येणार नाही म्हणूनच त्या कानात बोलले, हे मला आजवर कळलेलं नाही. मान वळवली असती तर कळलं असतं. पण तेव्हा मला बोलणं नको होतं. मला हात हवा होता, आणि तो मी डोक्यावर राहू दिला.